चाहूल लागते म्हणजे नक्की काय होतं?

हा आवाज ऐका. ऐकला? परत ऐका.

कोकणातलं घर, रात्रीचे साडेनऊ, मागच्या पडवीत आजी उद्याच्या बिरड्यासाठी वाल सोलत बसलीये. अचानक तिचे हात थांबतात, मान जरा तिरकी होते आणि ती म्हणते, "कोण आहे रे?" आपल्याला तर काहीच ऐकू आलेलं नसतं.

आजीला लागली ती चाहूल. शब्दकोशात बघाल तर पावलांचा, हालचालीचा बारीक आवाज असा काहीतरी अर्थ मिळेल आणि तो बरोबरच आहे, पण खरी गंमत क्रियापदात आहे. चाहूल आपण सहसा ऐकत नाही, ती लागते, जशी भूक लागते, तहान लागते, झोप लागते, म्हणजे आपण काही न करता आपल्याला होणारी गोष्ट. मुद्दाम कान देऊन बसलात तर मग तुम्ही चाहूल घेताय, नाहीतर कानोसा घेताय. कुजबूज वेगळी हं, ती तोंडाने होते, सळसळ पानांची, चाहूल मात्र येणाऱ्याची.

आणि या 'येणाऱ्या'मुळेच हा शब्द आवाज सोडून कुठल्या कुठे गेलाय. मेअखेरीस भंडारदऱ्याकडे झाडांवर काजवे लुकलुकायला लागले की पावसाची चाहूल, आता काजवा कसला आवाज करतोय? पावशाचं 'पेर्ते व्हा' निदान ऐकू तरी येतं. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मान्सूनची तारीख ११ जून, चाहूल त्याच्या आधीची, आणि एकदा धो धो कोसळायला लागला की चाहूल संपली, मग नुसता पाऊस. घरात बाळाचीही चाहूल लागते. पेपरवाल्यांना तर थंडीपासून निवडणुकीपर्यंत सगळ्याचीच लागते, निवडणुकीची मला जरा जास्त वाटते, ती लाउडस्पीकर लावून येते हो.

लिहिताना 'हू' दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व, 'चाहुलीने'. या व्हिडिओच्या थंबनेलवर मी आधी 'चाहुल'च टाकलं होतं, असो.

इकडे पडवीत मागच्या दाराची कडी वाजते. आता ही काही चाहूल नाही, काका आलाय. आजी वाल सोलता सोलता, मान वर न करता म्हणते, "म्हटलंच मी."