चौदा बाय अकरा

(दृश्य: दांडिया बाजार, सकाळ. विजेच्या तारेला अडकलेला पतंग. वाड्याची दिंडी.)

उत्तरायण होऊन आठवडा झाला, पण तारांवरचे पतंग अजून उतरलेले नाहीत. बडोद्याचा दांडिया बाजार. या दिंडीतून माणसालाही वाकूनच आत जावं लागतं, आणि आज आत न्यायचाय डबल बेस, उभं धरून वाजवायचं भलं मोठं तंतुवाद्य. माणसाच्या डोक्याहून उंच. उभा शिरत नाही. आडवा केला तर चौकातल्या वृंदावनाला लागेल.

(बेस आत नेण्याचं दृश्य पूर्ण ठेवावं. निवेदन नाही. आजींचा मूळ आवाज: "अरे, सावकाश! तुळशीला लावाल.")

चौघांचं जॅझ जिथे मुद्रित व्हायचंय, ही ती खोली. पूर्वी इथे दफ्तर होतं, मग भाडेकरू, मग अडगळ. लांबी 14 फूट, रुंदी 11, उंची साडेनऊ. एक उभा पियानो आधीपासून आहे. तो इथे कसा आला, हे वाड्यातले दोघं दोन प्रकारे सांगतात. त्याच्या शेजारी आता ड्रम, बेस, टेनर सॅक्सोफोन आणि ते वाजवणारी माणसं मावायची आहेत. माइकांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर घेऊन दादा बाहेरच्या बोळात बसणार. ध्वनिमुद्रण त्यांचं. त्यांना सगळेच दादा म्हणतात, वयाने कितीतरी मोठे असलेले पियानोवाले काकासुद्धा.

शहरातल्या एका स्टुडिओने या चौघांना चार वेगवेगळ्या दिवशी बोलावलं होतं. आधी ड्रम, त्यावर बेस, मग बाकीचे. काका ते सांगताना अजून हसतात. जॅझमध्ये धून आणि तिचे स्वरमेळ ठरलेले. पुढचं बरंचसं तिथल्या तिथे सुचतं. सॅक्सवाल्याने श्वास कुठे घेतला हे पाहून काकांचा डावा हात थांबतो. मंगळवारी वाजवलेल्या ड्रमला गुरुवारचा सॅक्स काय कळणार?

(दृश्य: रिकामी खोली. दादा एकदाच टाळी वाजवतात. भिंतींतून 'टर्र' असा आवाज.)

समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींत टाळी अशी चेंडूसारखी आपटत राहते. त्यावरचा उपाय वरच्या मजल्यावरून आला: आजींच्या गोधड्या. दोरी बांधून भिंतीपासून वीतभर पुढे टांगल्या. पुन्हा टाळी. (टाळी.) टर्र गेली. झांजेचा कचकचाट आणि सॅक्सची धार गोधडी पिते.

बेसला मात्र गोधडी कळतच नाही.

(दृश्य: जवळून, सर्वांत जाड तार. ती हलते, आणि खिडकीची काच थरथरते.)

डबल बेसची ही सगळ्यांत खालची तार सेकंदाला साधारण 41 वेळा हलते. त्या सुराची हवेतली एक लाट सुमारे 27 फूट लांब. आणि या खोलीची लांबी, जाऊन-येऊन, 28 फूट! खोली जणू याच सुरासाठी बांधली आहे, आणि तीच अडचण आहे. बाकी सूर नीट येतात, हा एक आला की घुमट बोलल्यासारखा घुमतो. तो गादीने अडवायचा तर गादीची जाडी हवी लाटेच्या चौथाईइतकी, म्हणजे जवळजवळ 7 फूट. 14 फुटांच्या खोलीत 7 फुटांची गादी! दादांनी ते गणित भिंतीवर पेन्सिलने मांडलंय. दिसतंय तुम्हाला.

मग गादी राहिली, माणूस हलवला. ही लाट भिंतींपाशी फुगते आणि खोलीच्या मधोमध पडते. आधी बेसवाला कोपऱ्यात होता, कारण जागा तिथेच होती. आता तो एकेक पाऊल मध्ये येतोय आणि तोच सूर परत परत वाजवतोय. ऐका.

(पाच पावलं, पाच सूर. निवेदन थांबवावं.)

पाचव्या पावलाला घुमणं गेलं, तार उरली. तिथे जमिनीवर खडूने फुली मारली. फरशी कोटा दगडाची. बेसचं खालचं लोखंडी टोक तिच्यावरून सरकत होतं. बेसवाल्याने दारातली एक जुनी रबरी चप्पल उचलली, टोक टाचेत रुतवलं. बेस आता चपलेवर उभा आहे. चप्पल कोणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

(दृश्य: रिबन माइक, जवळून.)

चारच माइक. पियानो आणि ड्रमच्या मध्ये दोन, एक बेसपाशी आणि सॅक्सपुढे हा रिबन. हा पुढून-मागून सारखाच ऐकतो, दोन्ही कुशींना बहिरा. त्याची एक कूस ड्रमकडे केली की झांज त्याच्यात कमी शिरते. शिरते तरीही. एवढ्याशा खोलीत प्रत्येक माइक थोडंथोडं सगळंच ऐकतो. सॅक्स चुकला तर तो पियानोच्या माइकमध्येही चुकलेलाच असतो. नंतर ठिगळ लावता येत नाही. चूक झाली की चौघं पुन्हा पहिल्यापासून.

कोणी किती ऐकू यायचं, तेही बटणावर नाही, अंतरावर. माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने उतरतो. म्हणून सॅक्सवाला दोन फूट मागे सरला. यात नवीन काही नाही. 1925च्या सुमारास विजेचे माइक येईपर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्यातच व्हायचं: जोराचं वाद्य मागे, नाजूक पुढे.

(दृश्य: सूरसागर, संध्याकाळ. तळ्याकाठची गायनशाळा.)

हे बडोद्यात कशाला, असं विचारणारे भेटले. सयाजीरावांच्या काळात, 1886 साली, गायक मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेली गायनशाळा इथून चालत जाण्यासारखी आहे. याच शहरात फैयाज खाँ दरबारी गायक होते. ऐकणाऱ्यांची इथे वाण नाही. आणि जॅझ परका म्हणावा, तर पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 1951च्या 'अलबेला' चित्रपटात जॅझ वाजवणाऱ्या ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटला घेतलं, ती गाणी घरोघर पाठ आहेत. खोली लहान म्हणावी, तर अमेरिकेत रूडी व्हॅन गेल्डर 1959पर्यंत न्यू जर्सीत आईवडिलांच्या घरच्या दिवाणखान्यात जॅझ मुद्रित करायचा. दिवसा लोकांचे डोळे तपासायचा, चष्मे द्यायचा. त्या दिवाणखान्याच्या तबकड्या लोक आजही शोधत फिरतात.

(दृश्य: पुन्हा खोली. काका पियानोची पुढची फळी काढतात. आतल्या हातोड्या.)

पियानो थोडा उतरलेला आहे. जुन्या तारा एकदम चढवल्या तर तुटतील. म्हणून तो आहे तिथेच ठेवला आणि बाकीचे त्याच्याकडे खाली आले: बेसने खुंट्या सैल केल्या, सॅक्सवाल्याने तोंडाचा भाग किंचित बाहेर ओढला. पण ड्रमला वेगळंच दुखणं. बेस वाजला की ड्रमखालच्या तारा आपोआप खरखरतात. बेस एकटा वाजणार असेल तेव्हा ड्रमवाला हा बारीक खटका खाली करतो. नीट बघा, टक् असाही आवाज येऊ देत नाही.

पंखा बंद. जानेवारीत म्हणूनच तर हे चाललंय. आजींनी पाण्याची मोटर दुपारी दोन ते पाच न लावण्याचं कबूल केलंय. ती याच भिंतीपलीकडे आहे.

पहिल्या दिवशी वीज गेली, तेव्हा आमचा कॅमेरा तिथे नव्हता. वाड्याचा सौदा झालाय, मार्चअखेर खोली रिकामी करायची आहे. नऊपैकी सहा रचना झाल्या. ही सहावी, चौथा टेक.

(इथून 32 बारची, म्हणजे चार-चार मात्रांच्या 32 मापांची, पूर्ण फेरी. निवेदन नाही. ड्रमवरचे ब्रश, काकांचा डावा हात, चप्पल, खटका. शेवटचा सूर विरेपर्यंत कोणी हलत नाही.)

दादा बोळातून फक्त हात वर करतात.

ऐकायला आजींना खाली बोलावलंय. हेडफोन त्यांच्या पदरावरूनच लावला. त्या पूर्ण ऐकतात. डोळे मिटून नाही, दादांकडे बघत.

(मूळ ध्वनी:
"माझी मोटर नाही ना आली त्यात?"
"नाही आली, आजी."
"मग लावते आता. टाकी रिकामी आहे.")

(आजी जिना चढतात. खटका. भिंतीपलीकडे मोटर सुरू. खिडकीची काच थरथरते.)