पेंधर ते बेलापूर

(दृश्य : सकाळ. नवी मुंबईतल्या पेंधर मेट्रो स्थानकाचा जिना.)

पावणेआठ वाजलेत. शेअर रिक्षातून माणसं उतरतात आणि सरळ जिन्याकडे पळतात. वरची मेट्रो चुकली, तर बेलापूरची लोकल हातची जाते.

या लोकलसाठी लोकांनी आपली सकाळ बदलली आहे. खारघरच्या आतल्या सेक्टरमधली माणसं पूर्वी रिक्षाने खारघर स्टेशन गाठायची आणि पनवेलहून भरून आलेल्या गाडीत कशीबशी शिरायची. मेट्रो खारघर स्टेशनला जातच नाही. ती नेते बेलापूरला, मुंबईच्या दिशेने एक स्टेशन पुढे. तिथून काही लोकल रिकाम्या सुटतात. वाशी, कुर्ल्यापर्यंत बसून जाता येतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते रोज उभ्याने जाणाऱ्यालाच विचारा.

(दृश्य : खांबांवरून जाणारी मेट्रो, बाजूला इमारती.)

सुमारे अकरा किलोमीटर, अकरा स्थानकं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीच्या या मार्गाचं भूमिपूजन झालं १ मे २०११ रोजी. गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ला, उद्घाटनाच्या सोहळ्याविना. मधली साडेबारा वर्षं जाहिरातींत मात्र मेट्रो ‘पाच मिनिटांवर’च होती. त्या भरवशावर ज्यांनी घर बुक केलं, त्यांनी न धावणाऱ्या गाडीचे पैसे हप्त्यांतून भरले आणि वर रोजचं रिक्षाभाडंही. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जाण्यायेण्याचा वेळ वाचला की जागेला मागणी येते आणि त्या वेळेचे पैसे घराच्या किमतीत चढतात. पण हे चालत जाण्याच्या अंतरापुरतंच खरं. स्थानकापर्यंत रिक्षा करावी लागली, की मेट्रोत वाचलेलं रिक्षात जातं. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वात लांबचं तिकीट ४० रुपयांवरून ३० झालं, तेव्हा रोज जाणाऱ्यांना खरोखर हायसं वाटलं. आता स्थानकाभोवती सलग फूटपाथ आणि वेळेवर येणारी बस हवी.

(दृश्य : इमारतीच्या फाटकावर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी.)

घर स्वतःचं असेल तर वाढलेला भाव मालकाच्या पदरात पडतो. भाडेकरूच्या वाट्याला येतं ते अकरा महिन्यांनी करार संपताना ऐकावं लागणारं वाक्य : “आता मेट्रो झालीय ना, भाडं थोडं वाढवावं लागेल.” ज्यांना ते झेपत नाही, ते स्थानकापासून लांब, आणखी आत खोली बघतात.

आणि सकाळी शेअर रिक्षाने पेंधरला येतात.