11 नोव्हेंबरच्या आधी करायची कामं

(ग्रामपंचायतींचे पदाधिकारी आणि माजी सैनिक यांच्यासमोर साताऱ्यात 2018 च्या आषाढात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पहिलं महायुद्ध थांबलं त्याला येत्या 11 नोव्हेंबरला शंभर वर्षं होतात. त्या दिवशी रविवार आहे आणि भाऊबीज शुक्रवारी, 9 तारखेला. म्हणजे दिवाळीच्या रजेवर आलेला जवान आणि पुण्या-मुंबईचा चाकरमानी, दोघंही गावात सापडतील. मांडव, हार, पाहुणे हे सगळं आठ दिवसांत उरकतं. चार महिने लागतात ते नावांना, आणि ते काम आजच हातात घ्यायला हवं.

आपल्याकडच्या कितीतरी गावांत संगमरवरी पाटी आहे. मजकूर दोन ओळींचा: या गावातून इतके जण 1914-1919 च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. अपशिंगे (मिलिटरी) गावचे 46 जण परत आले नाहीत, हा आकडा जिल्ह्याला पाठ आहे. तुमच्या गावचा आकडा तुम्हालाही पाठ असेल. त्यातली पाच नावं सांगून बघा.

हे फक्त गावच्या भिंतीवरच झालेलं नाही. इराकमधलं बसऱ्याचं स्मारक 40,000 हून अधिक मृतांचं. तिथल्या मूळ फलकांवर हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची पलटणवार फक्त संख्या घातली. आपली बहुतेक माणसं त्या संख्येत आहेत. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या पलटणी तुर्कांनी घातलेल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 ला आत अडकलेल्या फौजेनं शरणागती पत्करली. 114 वी पलटण ऑक्टोबर 1918 मध्ये त्याच मुलखात शर्कतला लढत होती. तुर्कांशी युद्धबंदी झाली 30 ऑक्टोबरला, म्हणजे त्या जवानांची लढाई आपल्या 11 नोव्हेंबरच्या आधीच संपली होती. आणि पाटीवर 1919 का, असं मुलं विचारतात तेव्हा सांगा: नोव्हेंबरात बंदुका थांबल्या, व्हर्सायचा तह 28 जून 1919 ला झाला.

आता नावं कुठं शोधायची. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) यादी संगणकावर फुकट बघता येते. तिच्यात 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळात सेवेत असताना गेलेले धरले आहेत, त्यामुळे 1920 ला तापानं गेलेला शिपाईही सापडू शकतो. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. शोध फसतो तो स्पेलिंगवर. कारकुनानं कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलं. जाधवचा ‘जाधाव’ किंवा ‘जाधाओ’, पवारचा ‘पोवार’, चव्हाणचा ‘चवान’. म्हणून आडनावानं सुरुवात करू नका. आधी गावाचं नाव पाच-सहा तऱ्हांनी लिहून शोधा, मग तालुका, मग पलटण.

दुसरी अडचण जिल्ह्याची. वाळवा, तासगाव, खानापूर हे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 ला आणि त्याला सांगली हे नाव मिळालं 1960 ला. म्हणून वाळव्याचा माणूस साताऱ्यात शोधायचा. उलट औंध, फलटण, जत, सांगली, मिरज ही संस्थानं. तिथली गावं संस्थानाच्या नावाखाली असू शकतात.

कागद गावातही आहेत. मृत्यूची नोंद गावात मिळण्याची आशा थोडी, कारण माणूस परमुलखात गेला. पण जमीन असेल तर वारस लागले असणार. गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही, 1915 ते 1925 ची काढा. मजकूर मोडीत असेल तर मोडी वाचणारा आधी गाठा. तिथं महिना जातो.

तिसरी जागा घरं. देव्हाऱ्यात, ट्रंकेत पदक असतं. युद्धपदक चांदीचं, गोल, आणि त्याच्या कडेवर बारीक ठशांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण. भिंगातून आणि तिरप्या उजेडात वाचा. चिंच-राखेनं घासू नका, ठसे आधीच पुसट असतात. पदक ब्राँझचं निघालं तर ते खोटं समजू नका, फौजेबरोबरच्या बिगरलढाऊ माणसांतल्या बऱ्याच जणांना तेच दिलं होतं. गेलेल्याच्या घरी बारा सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची तबकडीही आली. तिच्यावर हुद्दा नाही, नुसतं नाव. कित्येक तबकड्या मोडीत गेल्या असतील. भांड्यांच्या जुन्या दुकानदारांनाही विचारून ठेवा.

भिस्ती, खेचरवाले, हमाल यांना यादीतून गाळायचं नाही. महारांची 111 वी पलटण 1917 ला उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली. त्या वस्तीत विचारायला कोणी गेलं नाही, तर यादी अर्धवट राहील आणि दोष कागदांचा नसेल.

नावं जुन्या पाटीवर कोरू नका. शेजारी वेगळा दगड बसवा. अक्षर एक इंच उंचीचं ठेवलं की आठ-दहा फुटांवरून वाचता येतं. चाळीस नावं दोन रकान्यांत, ओळीला दीड इंच धरला तर नावांनाच अडीच फूट उंची लागते. मथळा धरून साडेतीन फुटांचा दगड घ्या आणि खाली चार-पाच ओळी कोऱ्या सोडा. नावं नंतरही सापडतात. क्रम अकारविल्हे, हुद्दा नको, भावकी तर नकोच. कोरणाऱ्याला मजकूर टाइप करून पाठवला की त्याच्या यंत्रावर फाँट बदलतो, वेलांटी पलीकडच्या अक्षरावर जाते, जोडाक्षर फुटतं. अक्षरं आकृतीत बदललेली फाइल द्या आणि दगडाच्याच मापाचा छापील कागद घरोघर दाखवून सह्या घ्या.

जुन्या पाटीचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते हौसेनं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कोणीतरी ऑइलपेंटचा हात मारतो. दगडातली ओल मग आतच कोंडते, क्षार बाहेर येताना वरचा पापुद्रा घेऊन येतात. संडास साफ करायचं अॅसिड, लिंबू, चिंच, सगळं आंबट संगमरवराला खातं. साधं पाणी, मऊ ब्रश, फार तर दोन थेंब सौम्य साबण. आधी दगड पूर्ण भिजवा आणि खालून वर घासत जा. वरून सुरुवात केली तर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात मुरतात. हिरवं शेवाळ लाकडी पट्टीनं काढा, तारेचा ब्रश नको. काही पाट्यांत अक्षरं शिशाची आहेत, भोकांत ठोकून बसवलेली. एखादं पडलं असेल तर जपून ठेवा, एमसील भरू नका. भेगांना सिमेंटऐवजी चुना. अक्षरं वाचता येत नसतील तर रात्री टॉर्च दगडाला चिकटवून आडवा धरा, सावलीत अक्षर उठतं.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. युद्ध थांबलं ते फ्रान्समधल्या 1918 च्या घड्याळानं सकाळी 11 ला, म्हणजे भारतीय वेळेनं दुपारी साडेचारला. आपले सकाळचे 11 किंवा दुपारचे साडेचार, दोन्ही चालतील, पण ठरवताना हे माहीत असू द्या. क्रम असा: नावांचं वाचन, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही निरोपाची धून, दोन मिनिटं स्तब्धता, मग ‘रिव्हेली’ ही जागं करणारी धून. एका नावाला चार सेकंद धरा, तीस नावं दोन मिनिटांत होतात. भाषणं त्याच्यानंतर, आधी नाहीत. बिगुलवाला मिळाला नाही आणि मोबाइलवरून वाजवलंत तर फोन विमान मोडवर टाका, नाहीतर स्तब्धतेत कोणाची तरी रिंगटोन ऐकायची वेळ येते. तिरंगा अर्ध्यावर उतरवायचा नाही, तो अधिकार शासनाचा आहे. नव्या दगडावर आच्छादन म्हणूनही तिरंगा चालत नाही. साधं कापड टाका.

हळदीकुंकवाला मनाई केलीत तर बायका ऐकणार नाहीत, आणि का ऐकावं? शंभर वर्षांत त्या घरांना दुसरी समाधी मिळालेली नाही. पाटीपुढे दोन फुटांवर पाट मांडा, पूजा पाटावर, नारळ बाजूच्या काळ्या दगडावर. ओल्या झेंडूचे हार पाटीला टेकवू नका, पिवळा डाग राहतो. गुलाल मात्र त्या दिवशी आवारातच नको.