हळकुंडाचा गाभा

नमस्कार, श्रोतेहो. हळकुंड कधी मोडून पाहिलंय? कट्‌कन तुटतं आणि आतला गाभा दिसतो. कुठे गर्द केशरी, कुठे फिकट पिवळा. हळदीच्या बाजारात, मग ती सांगली असो की वसमत, हा गाभा पारखूनच भाव ठरत आला आहे. नजर तयार असते त्या माणसांची. पण गुणकारी म्हणून ज्याचा बोलबाला आहे ते कर्क्युमिन नेमकं किती, हे नजरेला कसं कळणार? साधारण हळदीत ते २ ते ५ टक्के असतं. नेमका आकडा हवा तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि अहवाल येईपर्यंत माल धरून ठेवणं लहान शेतकऱ्याला परवडत नाही.

इथे उपयोगी पडतं ग्राफीन. कार्बनचा हा पापुद्रा जेमतेम एका अणूइतका जाड. मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली तो ग्रॅफाइटवरून चक्क चिकटपट्टीने सोलून काढला होता. त्याचा लेप दिलेल्या पट्टीवर हळदीच्या अर्काचा थेंब टाकायचा आणि विजेचा दाब हळूहळू वाढवायचा. एका ठरावीक दाबाला कर्क्युमिनचे रेणू इलेक्ट्रॉन सोडतात, प्रवाह वाढतो आणि आलेखावर उंचवटा उमटतो. कर्क्युमिन जितकं जास्त, तितका उंचवटा मोठा.

अडचण अशी की कर्क्युमिनला हळदीतच दोन भावंडं आहेत, रचनेने जवळजवळ सारखी. त्यांचे उंचवटे एकमेकांत मिसळतात. ते वेगळे काढायला मशीन लर्निंग लागतं. प्रयोगशाळेत तपासलेल्या शेकडो नमुन्यांचे आलेख आणि त्यांची खरी उत्तरं संगणकाला दाखवायची. त्यातून तो आलेखाच्या वळणांवरून आकडा काढायला शिकतो.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते हे नमुने. फक्त राजापुरी हळदीवर शिकलेलं यंत्र सेलम जातीच्या हळदीपुढे चुकू शकतं. रंग खुलावा म्हणून काही ठिकाणी हळदीत लेड क्रोमेट मिसळतात. ते शिशाचं विष आहे. तशी भेसळ यंत्राला कधी दाखवलीच नसेल, तर त्याच्याही आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा?

म्हणून हे काम करणाऱ्या तरुण संशोधकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. निवडक, पॉलिश केलेली हळकुंडंच उचलू नका. नीट न वाळलेली, गेल्या सालची, कीड लागलेलीही घ्या. शेतकऱ्याच्या पोत्यात तीही असतात.