चेटकीण बसून नाचते

पडद्यावर दिसणारी ही नर्तकी उभी नाही. गुडघे वर घेऊन ती जमिनीवर बसली आहे, चेहऱ्यावर मुखवटा आहे आणि हाताची बोटे नख्यांसारखी वाकलेली आहेत. साथीला केवळ तालवाद्ये आहेत. मध्येच ती स्वतःचे घोटे पकडते आणि बसल्या जागी, पाय आपटत, गिरकी घेते.

या आहेत जर्मन नर्तकी मेरी विगमन आणि हे त्यांचे 'हेक्सेनटान्झ', म्हणजे चेटकिणीचे नृत्य. १९१४ साली त्यांनी ते प्रथम सादर केले आणि १९२६ मध्ये नव्याने रचले. हा लाकडी मुखवटा त्या दुसऱ्या रचनेतला असून तो व्हिक्टर मागितो यांनी घडवला. नीट पाहिल्यास त्यात विगमन यांच्याच चेहऱ्याची ठेवण ओळखू येते.

१८८६ मध्ये हानोवर येथे जन्मलेल्या विगमन तशा उशिराच नृत्याकडे वळल्या. ड्रेस्डेनजवळच्या हेलराऊ येथे संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ यांच्याकडे त्या शिकू लागल्या, तेव्हा त्यांनी विशी ओलांडली होती. दालक्रोझ यांच्या पद्धतीत संगीतातील प्रत्येक मात्रेला शरीराने उत्तर द्यायचे असे. म्हणजे मालक संगीत आणि शरीर त्याचे हरकाम्या. विगमन यांना हे मानवेना. तुम्ही नाचता तसेच नाचणारा एक माणूस आहे, असे चित्रकार एमिल नोल्डे यांनी त्यांना सांगितले आणि १९१३ च्या उन्हाळ्यात त्या स्वित्झर्लंडमधील आस्कोना येथे नृत्यशिक्षक रुडॉल्फ फॉन लाबान यांच्याकडे पोहोचल्या. तेथील मॉन्ते व्हेरिता या टेकडीवर उघड्या आकाशाखाली नृत्याचे वर्ग भरत. श्वास, वजन, ताण आणि अवकाश एवढ्या भांडवलावर नृत्य उभे राहते, हा विगमन यांचा विश्वास तिथे पक्का झाला. ज्यांना ठेका धरायला गाणे लागतेच, त्यांनी ही चित्रफीत आवाज बंद करून पाहावी.

१९२० मध्ये त्यांनी ड्रेस्डेनमध्ये शाळा काढली. ग्रेट पालुका, हान्या होल्म, हाराल्ड क्रॉइट्सबेर्ग असे शिष्य तिथे तयार झाले. होल्म यांनी १९३१ मध्ये न्यूयॉर्कला विगमन यांच्या नावाची शाखा उघडली. जपानचे ताकाया एगुची ड्रेस्डेनला शिकून परतले. पुढे बुटो या जपानी नृत्यप्रकाराचे आधारस्तंभ ठरलेले काझुओ ओनो हे या एगुचींचेच विद्यार्थी.

नाझी राजवटीत विगमन जर्मनीतच राहिल्या, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या उद्घाटनोत्सवातही त्यांनी भाग घेतला आणि १९४२ मध्ये ड्रेस्डेनची शाळा त्यांच्या हातून गेली. युद्धानंतर आधी लाइपझिग आणि १९४९ पासून पश्चिम बर्लिन येथे त्यांनी शिकवणे चालू ठेवले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुन्हा ती चेटकीण पाहू. मुखवट्यासमोर आलेले हात बाजूला होतात, धड पुढे झुकते, टाचा जमिनीवर आदळतात. या नृत्याचा एवढाच सुरुवातीचा भाग चित्रित स्वरूपात शिल्लक आहे.