ताईचं रेटिनॉल आणि कालनिर्णयवरचा ‘रे’

[दृश्य: व्हरायटी चौक, भर दुपार, लाल सिग्नल]

हे बघा, नागपूरची सीताबर्डी, सिग्नल लागलाय आणि जेवढ्या स्कूटी उभ्या आहेत तेवढ्या सगळ्या पोरींचे फक्त डोळे दिसून राहिले. आपल्याकडे पोरगी गाडी नंतर शिकते, स्कार्फ बांधायला आधी. बाहेरगावचे पाहुणे हसतात, हसू द्या, मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की तेच पाहुणे आपल्याला दुपट्टा मागतात.

तो निळा स्कार्फ, डावीकडून तिसरा, ती आमची ताई. उन्हाळ्यात तिने रेटिनॉल मागवलं, डाग आणि सुरकुत्यांवर लावतात ते, एक टक्कावालं, म्हणे घ्यायचंच तर स्ट्राँग घेऊ, आणि रोज रात्री चांगलं थापलं. तेव्हाचं फुटेज नाही, कॅमेरा जवळ येऊच दिला नाही तिने. चेहरा सोलला, आग आग झाली, डॉक्टरीणबाईंनी सगळं बंद करायला लावलं आणि पाऊस लागल्यावर पुन्हा या म्हणाल्या.

[दृश्य: ट्यूब, जवळून]

ही दुसरी ट्यूब, 0.2 टक्के. पोळ्याच्या आठवड्यात उघडली, पाठीमागे मारबतीच्या मिरवणुकीचा आवाज येतोय तो त्याचमुळे. ट्यूब धातूची आहे, आरपार दिसत नाही, तोंड बारीक, हे उगाच नाही, उजेड आणि हवा लागली की रेटिनॉलचा दम जातो. आत आहे व्हिटॅमिन ए. पण ते लावलं आणि लागलं असं नसते, कातडीत आधी त्याचं रेटिनाल्डिहाइड होते, मग रेटिनोइक ॲसिड, आणि खरं काम हे शेवटचं करते. दोन टप्पे पार करून थोडंसंच पोचते, म्हणून रेटिनॉल सौम्य आणि म्हणूनच हळू.

तयार रेटिनोइक ॲसिड म्हणजे ट्रेटिनॉइन. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अल्बर्ट क्लिगमन यांनी 1969 मध्ये ते पिंपल्सवर चालते हे दाखवलं, 1971 मध्ये ते औषध म्हणून बाजारात आलं. मग वयाने मोठ्या पेशंट बायका सांगायला लागल्या की डॉक्टर, पिंपल्स सोडा, सुरकुत्या कमी दिसतायत, आणि 1986 मध्ये उन्हाने खराब झालेल्या कातडीवरचा त्यांचा अभ्यास आला. याच क्लिगमननी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, तो डाग पुसला गेलेला नाही. आता त्याचे फोटो कुठून आणायचे, म्हणून तुम्हाला ट्यूबच बघावी लागतेय.

[दृश्य: धरमपेठ, औषधाचं दुकान, काउंटर]

हे मेडिकल. म्हणजे दुकान हो, मेडिकल चौकातलं मेडिकल कॉलेज नाही. इथे दहा मिनिटं कॅमेरा लावून उभं राहिलो, कुणी येते आणि म्हणते, ती गोरं व्हायची क्रीम द्या, मैत्रिणीने लावली ती. ती बहुतेक वेळा तिघांची खिचडी असते, डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. 2018 मध्ये सरकारने चेहऱ्याला चोपडायच्या कितीतरी स्टेरॉइड क्रीम शेड्युल एच मध्ये टाकल्या, चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. पण मागणारा चिठ्ठी घेऊन येतच नाही ना. कातडी पातळ होते, लाल पडते, सोडली की आणखी भडकते. ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा, ताई वाचतेय बघा, चष्मा डोक्यावर आणि ट्यूब नाकाला लावून.

[दृश्य: रात्र, स्वयंपाकघर, भिंतीवर कालनिर्णय]

आणि हा माझा आवडता शॉट. कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाच्या बाजूला मंगळवार आणि शुक्रवारच्या चौकोनात ‘रे’ लिहिलंय. आई दोन आठवडे समजत होती की दूधवाल्याने काही लिहून ठेवलं.

तर मंगळवार. तोंड साध्या फेसवॉशने धुतलं, टॉवेलने घासलं नाही, टिपलं. मग थांबायचं, कातडी पूर्ण कोरडी होऊ द्यायची, ओल्यावर जास्त चरचरते. तेवढ्यात आई विचारते, “काय लावून राहिली बाई तोंडाला रोज रोज?” “रोज नाही आई, आठवड्यात दोनदा.” आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, वरून परत मॉइश्चरायझर. बोटावर किती घेतलं ते बघा, मटाराचा एक दाणा, अख्ख्या चेहऱ्याला एवढंच. कपाळावर एक टिपका, दोन गालांवर दोन, हनुवटीवर एक, आणि मग पसरवायचं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडून, कारण सोलायला तिथूनच सुरुवात होते. मग दिवा बंद, कूलरचं तोंड भिंतीकडे.

तिसऱ्या आठवड्यात नाकाशेजारी पापुद्रे निघाले आणि स्कार्फचं कापड घासलं की झोंबायचं, त्या शुक्रवारच्या ‘रे’वर काट मारलेली दिसतेय, एक रात्र सोडली, बाकी काही केलं नाही. सकाळी एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन, दोन बोटं भरून, स्कार्फ असला तरी, आणि उन्हात हिंडायचं असलं तर दोन तासांनी परत. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर रेटिनॉल नाहीच.

[दृश्य: गच्ची, नोव्हेंबर, संत्र्याच्या साली]

आंबिया बहाराची संत्री आली आणि आईने साली वाळत टाकल्या. दरवर्षी त्याची पावडर करून दह्यात कालवून दोघी मायलेकी तोंडाला चोळतात. यंदा ताईचा वाटा बंद, सोललेल्या कातडीवर ती खरखरीत पावडर कशाला. आई रुसलीय, दिसतेच आहे.

[दृश्य: खिडकी, दोन फोटो शेजारी शेजारी]

पहिला आठवडा, बारावा आठवडा. खिडकी तीच, वेळ तीच, फिल्टर नाही. कपाळ बघा, मग गालावरचे जुने पिंपल्सचे डाग बघा. मी मध्ये बोलत नाही.

[दृश्य: कालनिर्णय, डिसेंबरचं पान]

पान उलटलं. मंगळवार रे, शुक्रवार रे, आणि आता रविवारच्या चौकोनातही एक, पेन्सिलने.