समासातली एक ओळ: लेखक, एजंट आणि पुनर्लेखन

कादंबरी लिहून पूर्ण झाली आणि लिटररी एजंटने, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करणाऱ्या प्रतिनिधीने, ती स्वीकारली, तरी ती लगेच प्रकाशकाकडे जात नाही. बहुतेक वेळा याच टप्प्यावर एजंटचे सविस्तर पत्र लेखकाच्या हाती पडते. या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका क्वचितच दाखवलेल्या असतात. कथा मुळात कुठून सुरू व्हायला हवी, मधल्या भागात ती का रेंगाळते, एखाद्या पात्राने ऐन मोक्याच्या क्षणी घेतलेला निर्णय पटतो का, अशा प्रश्नांचा त्यात ऊहापोह असतो. आधी रचना आणि मग भाषेची सफाई, हा क्रम अनुभवी एजंट सहसा मोडत नाहीत. जे प्रकरण पुढे गळण्याची शक्यता आहे, त्यातल्या वाक्यांवर दोघांनीही महिनाभर मेहनत घेण्यात काय हशील?

समजा, एका लेखिकेच्या कादंबरीत बहिणीच्या हाती एक पत्र पडण्याचा प्रसंग आहे आणि त्या पानाच्या समासात एजंटने एकच ओळ लिहिली आहे: ‘बहिणीला पत्राबद्दल आधीच ठाऊक असेल, तर ती इतके दिवस गप्प का राहिली?’ लेखिका हा प्रसंग गाळू शकते, पत्र बहिणीच्या हाती उशिरा पडू देऊ शकते किंवा तिच्या मौनालाच कारण देऊ शकते. तिसरा मार्ग सर्वांत कष्टाचा आहे, कारण त्यासाठी आधीची अनेक पाने उसवावी लागतील. पण बहिणीचे पात्र खऱ्या अर्थाने उभे राहील ते त्यातूनच. ‘हा प्रसंग काढा’ असा थेट आदेश आला असता, तर ही शक्यता कदाचित कोणाच्या लक्षातही आली नसती. दोष अचूक दाखवावा आणि उपाय लेखकावर सोडावा, हीच मला उत्तम सूचनेची खूण वाटते. न पटलेली सूचना लेखकाने जरूर नाकारावी, मात्र वाचणारा त्या जागी का अडखळला, याचा शोध घेतल्यानंतरच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी एजंटचा हा व्यवसाय रुजवला, तेव्हा त्याचा भर करारांवर आणि हक्कांच्या विक्रीवर होता आणि वॉट १० टक्के कमिशन घेत. आज ब्रिटन-अमेरिकेत देशांतर्गत विक्रीवर साधारण १५ टक्के, तर परदेशी हक्कांवर बहुधा २० टक्के कमिशन रूढ आहे. पुस्तक विकले जाईपर्यंत मात्र एजंटच्या पदरात काहीच पडत नाही. त्यामुळे वाचनासाठी किंवा सूचनांसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून लेखकाने दूरच राहावे. एका संपादकाने नाकारलेली संहिता त्याच्याकडे पुन्हा नेणे अवघड असते, म्हणूनही पहिल्यांदा पाठवायच्या प्रतीवर इतके श्रम घेतले जातात.

काही एजंट करारापूर्वीच पुनर्लेखन करून संहिता पुन्हा पाठवायला सांगतात. यात होकाराची हमी नसते आणि कित्येक महिन्यांचे काम लेखकाच्या अंगावर पडते. सुचवलेले बदल आपल्या मनातल्या पुस्तकाशी जुळत असतील, तरच ते काम हाती घ्यावे.

प्रकाशक ठरला, की संपादकाच्या सूचनांची नवी फेरी सुरू होते आणि एजंटची जागा बदलते. आता तो लेखकाच्या बाजूने बोलतो: मुदत वाढवून घेतो आणि पुस्तकाचा गाभाच हलवणाऱ्या बदलांबाबत संपादकाशी चर्चा करतो. आधीचे मसुदे वाचलेले असल्यामुळे कोणता प्रसंग का बदलला आणि कोणता का राखला, हे त्याला ठामपणे मांडता येते.